चार दिवसांची घळई, सोबत गाडी नाही: कयाकमध्ये (वल्ह्याची अरुंद होडी) सामान किती आणि कसं भरायचं?

प्रश्न: चौघं आहोत, नदी ग्रेड ४ (सहा पातळ्यांपैकी चौथी, म्हणजे खडतर प्रवाह), मध्ये रस्ता नाही. माणशी वजन किती ठेवावं?

उत्तर १: १२-१५ किलोच्या आत राहा. अन्न, स्टोव्ह असं जड सामान बैठकीच्या लगेच मागे ठेवा, स्लीपिंग बॅग टोकाकडे. मागचं टोक जड झालं की नाक उचलतं आणि लाटेत कयाक मागच्या मागे उलटते. ड्रायबॅगा (पाणी न शिरणाऱ्या पिशव्या) आत बांधाच. सुटी पिशवी सरकली की रोल करणं (उलटलेली कयाक बसल्या जागी सरळ करणं) अवघड जातं.

उत्तर २: वजनाआधी पाणी बघा. बर्फाच्या पाण्यावरची नदी दुपारनंतर चढते, म्हणून कठीण टप्पे सकाळी उरका. तंबू पुराच्या काटक्या अडकलेल्या रेषेच्या वरच लावा. बाहेर पडायच्या वाटा नकाशावर आधीच खुणावा. दोन्हीकडे उभे कडे असतील तर शेवटच्या थांबण्याजोग्या एडीतून (खडकामागच्या किंवा काठालगतच्या संथ पाण्यातून) उतरून पुढचं पाहिल्याशिवाय आत शिरू नका. आत शिरल्यावर परतीची सोय नसते.

प्रश्नकर्ता: सुटं वल्हं एक पुरेल?

उत्तर १: दोन घ्या, वेगवेगळ्या कयाकमध्ये. थ्रोबॅग (वाहत्या माणसाकडे फेकायची दोरीची पिशवी) मात्र प्रत्येकाकडे हवी.

उत्तर ३: सॅटेलाइट मेसेंजर (उपग्रहामार्फत संदेश पाठवणारं यंत्र) लाइफ जॅकेटमध्येच ठेवा, कयाक वाहून जाऊ शकते. अरुंद घळईत संदेश जायला वेळ लागतो, तेव्हा रोजचा निरोप आकाश मोकळं दिसेल तिथून पाठवा.