मदत हवी आहे: प्लास्टिकचं ख्रिसमस ट्री, पऱ्हाटी (कापसाचं वाळलेलं झाड) आणि थर्मोकोलचा तारा कशानं रंगवू?

नमस्कार मंडळी. रंगकामातलं कळणाऱ्यांनी जरा वेळ काढून सांगा.

आमचं गाव यवतमाळ जिल्ह्यात, पांढरकवड्याकडे. ख्रिस्ती घरं मोजकीच, प्रार्थनेचा एक लहानसा हॉल. संडे स्कूल मी घेते. यंदा पोरांनी ठरवलं की नाताळची सजावट विकत आणायची नाही, घरात-वावरात जे आहे तेच रंगवून लावायचं. पोरांचा उत्साह दांडगा आहे, पैसा मात्र बेताचा. रंगवायच्या वस्तू तीन, आणि तिन्हींची तऱ्हा वेगळी.

पहिलं म्हणजे शहरातल्या चर्चच्या मंडळीनं त्यांचं जुनं झालेलं प्लास्टिकचं झाड आम्हाला दिलं आहे. उंची माणसाएवढी, पण हिरवा रंग पार विटला आहे. बर्फ पडल्यासारखं पांढरं करावं असा विचार. आधी खालची एक फांदी काढून तिच्यावर स्प्रेच्या डब्यातला चंदेरी रंग मारून पाहिला. चार दिवस होऊन गेले तरी फांदी चिकटच आहे. बोट लावलं की बोटाला रंग येत नाही, पण गुळाच्या ढेपेला हात लागल्यासारखं होतं. त्यात आमच्या ओसरीत कापसाचा ढीग. उडालेला सगळा तंतू त्या फांदीला येऊन बसला, आणि एका पोरीचं म्हणणं की मॅडम, बर्फ तर झाला!

दुसरी वस्तू पऱ्हाटी. वाळलेल्या चार-पाच पऱ्हाट्या डब्यात मुरूम भरून उभ्या बांधल्या तर झकास झाड होतं. काही बोंडं मुद्दाम वेचायची ठेवलीत. कापूस वेचून उरलेली टरफलं सोनेरी केली तर फुलांसारखी दिसतील, चार-पाच पाकळ्यांची. त्यांची माळ करायची आहे.

तिसरा, थर्मोकोलचा तारा. जुनाच आहे, बराच मोठा, एक टोक तुटलेलं. त्याला सोनेरी करायचं आहे.

तर प्रश्न असा की तिन्हींना एकच रंग चालेल का? आणि एक डबा कितपत पुरतो? 24 डिसेंबरच्या रात्री गाण्याची फेरी निघायच्या आत सगळं टांगलेलं पाहिजे.

पत्र्याची_ट्रॉली:
ताई, मी गाड्या अन् ट्रॉल्या रंगवतो, वणीकडे. आधी ताऱ्याचं सांगतो, कारण तिथं घोळ होईल. स्प्रेचा डबा थर्मोकोलवर मारूच नका. त्या रंगात जे पातळ करणारं द्रव्य असतं, थिनरच्या जातीचं, ते थर्मोकोल खाते. डोळ्यादेखत खड्डे पडतात, कडा वितळून आत जातात. आमच्या स्प्रे गनमधला एनसी रंगही (थिनरमध्ये कालवायचा, गाड्यांचा) तसाच. थर्मोकोलला पाण्यातला रंगच पाहिजे, भिंतीचं इमल्शन नाहीतर शाळेतले अ‍ॅक्रिलिक. काही लोक आधी फेविकोलचा हात देऊन वरून स्प्रे मारतात. जमते, पण एखाद्या ठिकाणी फेविकोल पातळ लागला की तिथूनच खायला सुरुवात. कशाला ती जोखीम?

झाडाच्या फांदीचं कारण वेगळं. ती पानं मऊ पीव्हीसीची असतात. पीव्हीसी मऊ राहावं म्हणून त्यात तेलासारखा पदार्थ घातलेला असतो. तो हळूहळू वर येते अन् रंगाला वाळू देत नाही. म्हणून महिनाभर थांबलात तरी ती फांदी तशीच राहू शकते. त्या एका फांदीला टाल्कम पावडर चोळा, चिकटपणा तेवढ्यापुरता मरेल. बाकीचं झाड साबणाच्या पाण्यानं धुवा, चांगलं वाळवा, अन् पांढरं इमल्शन थोडं घट्टच ठेवून स्पंजानं नुसतं टोकांना टिपा. बर्फ टोकांवरच साचते, आख्खं झाड पांढरं करायची गरजच नाही.

धुऱ्यावरचा:
एवढं काऊन करून राहिले? फवारणीच्या पंपात चुना कालवा अन् मारा झाडावर. दहा मिनिटांचं काम. आमच्या गोठ्याला आम्ही तसंच करतो.

पत्र्याची_ट्रॉली:
गोठ्याला करा भाऊ. पोरं हात लावणार त्या झाडाला नको.

रानमेवा:
पंपाचं तर नावच काढू नका. कितीही धुतला तरी नळीत, गाळणीत औषधाचा अंश राहतोच. 2017 साली फवारणीतून विषबाधा होऊन आपल्याच जिल्ह्यात किती माणसं गेली, ते विसरलात का? अन् ओला चुना डोळ्यात उडाला तर डोळ्याचं नुकसान होते ते वेगळंच.

धुऱ्यावरचा:
बरोबर आहे. नवा पंप असेल तर म्हणून बोललो होतो. माघार.

कृषी_पदवीधर:
पऱ्हाटीबद्दल कोणी बोलत नाही म्हणून लिहितो. कल्पना सुंदर आहे, पण झाड निवडताना बोंडं नीट बघा. न फुटलेली, अर्धवट उघडलेली, कवडी झालेली (कीड लागून आतला कापूस घट्ट चिकटलेली) बोंडं आत आणू नका. शेंदरी बोंडअळी अशाच बोंडांत, सरकीत सुप्तावस्थेत बसून राहते. म्हणून तर हंगाम संपला की पऱ्हाटी उपटा, फरदड (हंगामानंतर तीच झाडं ठेवून घेतलेला कापूस) घेऊ नका, गंजी बांधावर ठेवू नका असं दरवर्षी सांगतात. पूर्ण उमललेला कापूस अन् रिकामी टरफलं चालतील. टरफलं दोन-तीन दिवस कडक उन्हात पसरा, आतली ओल जाईल. ओल्या टरफलावर रंगाचे पोपडे निघतात. नाताळ झाला की ते झाड कोपऱ्यात ठेवून देऊ नका. अन् रंगवलेलं लाकूड चुलीत घालायचं नसते, धूर वाईट असते. म्हणून पऱ्हाटीवर जेवढा कमी रंग तेवढं चांगलं. माझं मत विचाराल तर पऱ्हाटीला रंगच देऊ नका, तिच्यावर पांढरा कापूस आहेच की.

धागाकर्ती:
सगळ्यांचे आभार. कवडीचं माझ्या डोक्यातच आलं नसतं. सासरे म्हणाले, "अळी घरात आणून नाताळ करून राहिली का?" तर ते ऐकून घेईन आता.

पऱ्हाटी बिनरंगाची ठेवू. पण टरफलांना सोनेरी पाहिजेच, पोरांनी पोतंभर गोळा केलीत. तिथं स्प्रेचा डबा चालेल ना? टरफल तर लाकडासारखंच आहे.

पत्र्याची_ट्रॉली:
टरफलाला चालते, झकास बसते. पण काही गोष्टी ध्यानात ठेवा.

डब्यात रंग ढकलायला बहुतेक स्वयंपाकाच्या गॅसच्याच जातीचा वायू असते. तुमच्या ओसरीत कापूस आहे म्हणालात, तर त्या ओसरीच्या आसपासही फवारू नका. चूल, उदबत्ती, बिडी काहीच जवळ नको. आंगणात, वारा पाठीमागून घेऊन. रिकामा डबा टोचायचा नाही, जाळात टाकायचा नाही, पोरं गंमत म्हणून टाकतात.

सकाळी सातला सुरू करू नका. आपल्याकडे डिसेंबरात पहाटे काटा मारते, दव पडते. थंड डब्यातून रंग थेंब-थेंब पडते अन् दवानं चमक मरते. अकरा ते तीन हा वेळ धरा. डबा गार वाटला तर कोमट पाण्यात थोडा वेळ उभा ठेवा, चुलीवरच्या पाण्यात नाही. आतली गोळी खडखडायला लागली की त्यानंतरही मिनिटभर हलवा.

टरफलं मोठ्या खोक्यात पसरून वीतभराहून थोडं जास्त, फूटभर अंतरावरून हात फिरवत मारा. एकाच जागी धरलं की ओघळ येते. पहिला हात एवढा पातळ की खालचा तपकिरी रंग दिसला पाहिजे. मग थांबा, पालटा, पुन्हा. काम झालं की डबा उलटा धरून नुसता वायू येईपर्यंत दाबा, नाहीतर तोंड बुजून पुढच्या वेळी डबा फेकावा लागते. 400 मिलीच्या डब्यात सपाट पत्रा दीड-दोन चौरस मीटर होते. टरफलात निम्मा रंग फटीतून खाली जाईल, म्हणून पोतंभर विसरा, टोपलीभर धरा. अन् डबा तुम्ही चालवा, पोरांना ओवायचं काम द्या. तोंडाला बांधलेल्या फडक्यानं वास अडत नाही.

तान्हा_पोळा:
टोपलीभरच सोनेरी होणार असतील तर बाकीच्यांसाठी जुनी पद्धत सांगते. तान्ह्या पोळ्याच्या, म्हणजे पोरांच्या पोळ्याच्या, लाकडी बैलांची शिंगं आमचे बाबा सोनेरी पावडरीनं रंगवायचे. पावडर पाण्यात पातळ केलेल्या फेविकोलात कालवायची, वाटीत थोडी-थोडीच, कारण लवकर काळपटते. ब्रशानं लावा. तुमच्या थर्मोकोलच्या ताऱ्यालाही हेच चालेल, यात थिनर नाही. कालवताना पावडर उडते, ती नाकात जाऊ देऊ नका.

अन् तुटलेला तारा किती दिवस जोडणार? राज्यात 2018 पासून थर्मोकोलच्या सजावटीवर बंदी आहे, नवा घेऊ नये. बुरडाकडून बांबूच्या कामट्या आणा, पाच टोकांचे दोन तारे बांधून मधे आडव्या काड्या घातल्या की पोट फुगते. वरून पतंगीचा कागद. संक्रांतीचा माल दुकानात आला असेलच. आत एलईडीचा छोटा दिवा सोडा, मेणबत्ती नाही.

धागाकर्ती:
हे तर फारच आवडलं. तारा कामट्यांचाच करू, थर्मोकोलचा राहू दे. गावात बुरूड काका आहेत, उद्याच विचारते. ठरलं ते असं: झाडाला पांढरं इमल्शन, टोकांनाच. पऱ्हाटी जशी आहे तशी. टोपलीभर टरफलं स्प्रेनं मी करीन, उरलेली पोरं पावडरीनं. एकच अडचण, सोनेरी पावडर पांढरकवड्यात मिळेल का? आमच्या गावच्या दुकानदारानं तर नावही ऐकलं नाही.

तान्हा_पोळा:
हार्डवेअरपेक्षा मूर्तिकारांकडे विचारा, गणपती-देवीचे मुकुट याच पावडरीनं रंगवतात, हंगामातली उरलेली असते. मिळाली नाही तर नागपूरला जाणाऱ्या कोणाला सांगा, तिथल्या महाल भागात, मूर्तिकारांच्या चितार ओळीत हमखास मिळेल. "पाण्यात कालवायची आहे" असं आधीच सांगा म्हणजे सोबत वॉर्निशची बाटली गळ्यात मारणार नाहीत.