कीर्तनाच्या नोट्ससाठी फुकट आणि ओपन सोर्स अ‍ॅप कुठलं घ्यावं?

टाळकरी
रामकृष्ण हरी मंडळी. नोकरी सांभाळून सप्त्यात वगैरे कीर्तनसेवा करतो. अभंग, प्रमाणं (आधाराला घेतो ती संतवचनं), दृष्टांत मिळून पाचेकशे नोट्स एका अ‍ॅपात होत्या, त्यांनी फुकटवाल्यांना मर्यादा घातली म्हणून सगळं एचटीएमएलमध्ये काढून घेतलंय. आता असं काहीतरी हवंय की उद्या कंपनी फिरली तरी माझा मजकूर माझ्याकडेच राहील. लॅपटॉप जुना विंडोज, ४ जीबी रॅम, फोन अँड्रॉइड. देवळात रेंज नसते म्हणून नेटशिवाय उघडलंच पाहिजे, आणि एकच प्रमाण नामावर पण चालतं, संतसंगतीवर पण, ते दोन्हीकडे सापडावं. जॉप्लिन, लॉगसेक, ऑब्सिडियन, स्टँडर्ड नोट्स वाचून डोकं गरगरलं.

उबंटूवाला_नाशिक
माऊली, ऑब्सिडियन आधी यादीतून काढा. फुकट आहे, चांगलंही आहे, पण ओपन सोर्स नाही, म्हणजे आतला कोड सगळ्यांना खुला नाही. लॉगसेक आहे ओपन सोर्स पण तिथे प्रत्येक ओळ बुलेट, अभंग आणि खाली दोन पानं निरूपण असं सलग लिहिणाऱ्याला वैताग येतो. स्टँडर्ड नोट्समध्ये फुकटात साधा मजकूरच आणि सगळं एन्क्रिप्टेड, पासवर्ड विसरलात तर कंपनीलाही उघडून देता येत नाही, अभंगाला एवढं कुलूप कशाला!

तुमच्यासाठी जॉप्लिन. (नाव एका अमेरिकन पियानोवाल्याचं, चालायचंच.) एचटीएमएल लॅपटॉपवर इम्पोर्ट होतं, एका नोटला हवे तेवढे टॅग लागतात, म्हणजे नाम आणि संतसंगती दोन्ही झालं. सिंकला, म्हणजे फोन-लॅपटॉपवर नोट्स सारख्या राहायला, ड्रॉपबॉक्स किंवा वनड्राइव्ह जोडा, ड्रॉपबॉक्सचे फुकटचे २ जीबी मजकुराला पुरून उरतात. गूगल ड्राइव्ह थेट जोडता येत नाही, तिथे बरेच जण अडकतात. आणि चालींची रेकॉर्डिंग जोडणार असाल तर फोनमध्ये सिंकच्या सेटिंगात अटॅचमेंट डाउनलोड 'ऑलवेज' करा, नाहीतर नोट उघडल्यावर ती फाईल उतरवायला जातं आणि तुम्ही देवळात बिनरेंजचे.

मृण्मयी_के
जॉप्लिन वाईट नाही पण एक सांगितलं नाही कोणी. लॅपटॉपवर ते सगळं एका डेटाबेसमध्ये ठेवतं, फोल्डरात जाऊन नोट डबल क्लिक करून उघडता येत नाही. शिवाय आतून क्रोमियम, म्हणजे अख्खा ब्राउझरच, ४ जीबीवर वेगळा ब्राउझर चालू असेल तर रखडणारच. मी मार्कडाउन, म्हणजे साध्या खुणांच्या मजकुराच्या, फाईली ठेवते, फोनवर मार्कर, लॅपटॉपवर क्यूओननोट्स, मध्ये सिंकथिंग, ते दोन यंत्रांतल्या फाईली थेट जुळवतं. फक्त सिंकथिंगचं अँड्रॉइडचं मूळ अ‍ॅप डिसेंबर २०२४ मध्ये बंद झालं, आता फोर्क, म्हणजे त्याच कोडवरून दुसऱ्यांनी चालू ठेवलेलं अ‍ॅप, वापरावं लागतं.

उबंटूवाला_नाशिक
ताई तुमचं बरोबर, पण सिंकथिंगला दोन्ही यंत्रं एका वेळी चालू लागतात, आणि दोन्हीकडे एकच फाईल बदलली की कॉन्फ्लिक्टची वेगळी प्रत निवडत बसा. दादांना सप्ताह आहे. डेटाबेसची भीती असेल तर महिन्यातून एकदा 'मार्कडाउन आणि फ्रंट मॅटर' असा एक्सपोर्ट काढा, टॅगसकट साध्या फाईली मिळतात.

शुद्धलेखन_पोलीस
अ‍ॅप कुठलंही घ्या, आधी वीसेक नोट्स टाकून मराठी शोध तपासा. 'वाऱ्या', 'दुसऱ्या', 'पायऱ्या' यातला र्‍या काही कीबोर्ड नुक्त्याच्या ऱ ने लिहितात, काही र, हलंत आणि एक न दिसणारं चिन्ह असं. दिसायला सारखं, शोधताना वेगळं. फोनवर एक आणि लॅपटॉपवर दुसरा कीबोर्ड असेल तर 'पंढरीच्या वाऱ्या' अर्ध्याच सापडतील. म्हणून शोधावर विसंबू नका, टॅग साधे ठेवा, नाम, भक्ती, काला असे.

टाळकरी
अरे हे र्‍याचं म्हणजे कमालच, जुन्या अ‍ॅपात नोट्स 'गायब' व्हायच्या त्या बहुतेक यामुळेच. जॉप्लिन टाकतोय. ब्राउझर बंद ठेवून वापरीन, तसंही लॅपटॉपवर फक्त टायपिंग. एकच शेवटचं, दोन विद्यार्थी आहेत त्यांना एखादी वही देता येईल का?

उबंटूवाला_नाशिक
लाइव्ह शेअरिंग जॉप्लिन क्लाउडवर, त्याला पैसे पडतात, किंवा स्वतःचा सर्व्हर बसवा. तुम्ही ती वही जेईएक्स (जॉप्लिनची स्वतःची एक्सपोर्ट) फाईल म्हणून काढा आणि व्हॉट्सअ‍ॅपला डॉक्युमेंट म्हणून पाठवा, पोरं आपापल्या जॉप्लिनमध्ये इम्पोर्ट करतील. नंतरचे बदल त्यांच्याकडे जाणार नाहीत एवढंच, पुन्हा पाठवावी लागेल.