इटलीतल्या वेगाच्या दंडाचं पत्र "फाडून टाका" म्हणणाऱ्यांना उत्तर

नीरजा_डोंबिवली

काल प्रवासाच्या एका ग्रुपवर एका गृहस्थांनी लिहिलं: "इटलीहून दंडाचं पत्र आलं तर फाडून टाका. भारतात येऊन कोण वसूल करणार? कार्ड बंद करा, विषय संपला." खाली अंगठ्यांची रांग. रात्रभर डोक्यातून जाईना, म्हणून सविस्तर लिहितेय.

गेल्या मे महिन्यात आम्ही भाड्याच्या गाडीने पिसाहून फ्लॉरेन्सला आलो. फी-पी-ली म्हणतात तो रस्ता, मर्यादा ९०. नवरा ११२ वर होता. सात महिन्यांनी रजिस्टर्ड पत्र आलं. मोजलेल्या वेगातून ५ टक्के वजा करून त्यांनी १०६ धरले, म्हणजे मर्यादेच्या वर १६. दहाच्या आत असतो तर ४२ युरोवर भागलं असतं, दहा ओलांडले की थेट १७३. पाच दिवसांत भरले तर ३० टक्के सूट, म्हणजे १२१. साठ दिवस उलटून गेले की ३४७.

त्याच्या बरंच आधी कार्डावरून ४८ युरो ८० सेंट गेले होते, आणि बहुतेकांचा घोळ इथेच होतो. ते पैसे दंडाचे नाहीत. गाडी कोणाकडे होती असं पोलिसांनी विचारलं, कंपनीने आपलं नाव-पत्ता कळवला, त्या कळवण्याची ती फी. ४० युरो आणि वर २२ टक्के कर. करारात लिहिलेलं असतं, खाली आपली सही असते. दंड वेगळा येतो, आणि परदेशात राहणाऱ्याला पत्र पाठवायला त्यांना ३६० दिवसांची मुदत आहे. मग कार्ड बंद करून काय मिळवलंत? फी गेलेलीच, दंड तसाच उभा.

आम्ही भरला. गाडी आमच्या हातात होती, वेग आमचा होता.

खडकवासलेकर

ताई, तुम्हाला एक पत्र आलं. मला चार आली. चारही एकाच संध्याकाळची, फ्लॉरेन्समधल्या झेडटीएलची, म्हणजे परवानगी नसलेल्या गाड्यांना बंदी असलेल्या भागाची. वेगाचा प्रश्नच नव्हता, ताशी १५ ने हॉटेल शोधत होतो. मागच्या सीटवर वडील, त्यांना शुगरचा त्रास, त्यांचं खाणं चुकलेलं. मॅप त्याच गल्लीत फिरवत राहिला. प्रत्येक फेरीचे ८३ युरो, आणि कंपनीची फी चार वेळा. हॉटेलवाल्याने आमच्या गाडीचा नंबर पालिकेला कळवला असता तर एकही दंड लागला नसता, हे मला अकरा महिन्यांनी कळलं.

मी भरलेला नाही. भरणारही नाही. दोन वर्षांत वसुलीवाल्यांचे ईमेल आले, बाकी काही नाही. मध्ये शेंगेन व्हिसाही मिळाला. त्या अर्जात दंडाचा रकानाच नाही. नियम तोडला तर अडवा, समोर सांगा. वर्षभराने इटालियनमध्ये पत्र पाठवायचं, ही काय पद्धत झाली?

मिलानचा_मराठी

नऊ वर्षं इथे राहतोय, म्हणून बोलतो. अडवून सांगत नाहीत हे खोटं आहे, आधीच सांगतात. कॅमेऱ्याच्या अलीकडे बोर्ड लावणं कायद्याने बंधनकारक आहे. 'कोन्त्रोल्लो एलेत्रोनिको देल्ला वेलोचिता', म्हणजे वेगाची यंत्राने तपासणी, एवढं वाचता येत नसेल तर निदान बोर्डावरचं चित्र दिसतं. झेडटीएलच्या तोंडाशी लाल कडेचा पांढरा गोल असतो, आणि 'वार्को अत्तीवो' पेटलेलं असेल तर आत जायचं नाही. लोकांना वाटतं अत्तीवो म्हणजे रस्ता चालू, खरं तर बंदी चालू. गाडी ताब्यात घेण्यापूर्वी अर्धा तास वाचलं तर हे सगळं कळतं. पण आपण तो अर्धा तास थेपल्यांची पाकिटं भरण्यात घालवतो.

व्हिसा मिळाला म्हणून छाती काढू नका. हाच प्रकार शेजारी स्वित्झर्लंडमध्ये करून बघा. तिथे न भरलेल्या दंडाच्या बदल्यात कोठडी होऊ शकते.

खडकवासलेकर

थेपल्यांचा इथे काय संबंध? माझे वडील मागे घामाने भिजले होते आणि तुम्ही मला अर्धा तास वाचायला सांगताय. परदेशात स्थायिक झालं की इथला प्रत्येक माणूस अडाणी वाटायला लागतो.

घाटातला_चाकरमानी

इटलीचं राहू द्या. आपल्या मुंबई-पुणे एक्सप्रेसवेवर बोला. २०२४ मध्ये कॅमेऱ्यांची नवी यंत्रणा बसली तेव्हापासून दर महिन्याला मोबाइलवर चलान. घाटात मर्यादा ६०. बोरघाटात उतारावर साठला गाडी धरून ठेवा आणि मागून येणाऱ्या ट्रकचं तोंड आरशात बघा. ब्रेक तापतात, पाय दुखतो. मी आठवड्यातून दोनदा जातो. माझा निम्मा पेट्रोलभत्ता चलानात जातो.

नीरजा_डोंबिवली

दादा, विषय भाड्याच्या गाडीचा आहे.

घाटातला_चाकरमानी

विषय कॅमेऱ्याचा आहे. कॅमेरा माणसाला विचारत नाही की मागे काय होतं.

म्हापशाचा_गाडीवाला

भाड्याच्या गाडीचाच विषय असेल तर माझंही ऐका. म्हापशात माझ्या सहा गाड्या आहेत, काळ्या पाटीवर पिवळे आकडे, रीतसर परवाना काढलेल्या. गिऱ्हाईक तीन दिवस नेतं, गाडी परत देतं, हसून जातं. नंतर चलान माझ्या नावावर. आपल्याकडे चलान गाडीच्या मालकावर येतं. गिऱ्हाइकाला फोन केला की पहिल्यांदा "पाठवतो", दुसऱ्यांदा "मी तिथे नव्हतोच", तिसऱ्यांदा नंबर ब्लॉक. गेल्या सीझनमध्ये एकाने आंबोलीमार्गे कोल्हापूरला जाऊन तीन चलानं आणली. परवाना नूतनीकरणाच्या वेळी ती सगळी माझ्या खिशातून भरली.

तुम्ही ज्या ४८ युरोवर चिडता, ती सोय मला मिळाली तर मी पाया पडेन. चालकाचं नाव कळवलं की माझी जबाबदारी संपली, मग तो आणि पोलीस बघून घेतील. डिपॉझिट कापलं की हीच मंडळी गूगलवर एक स्टार देतात, "गोव्यात लूट" असं लिहून.

घाटातला_चाकरमानी

डिपॉझिट तुम्ही आधीच्या ओरखड्यांसाठीही कापता, तेही लिहा. माझ्याकडून एकाने जुन्या ओरखड्याचे चार हजार घेतले होते.

म्हापशाचा_गाडीवाला

गाडी घेताना व्हिडिओ काढला होतात का? नाही ना? मी प्रत्येकाला काढायला लावतो. एका माणसावरून सगळ्यांना चोर ठरवू नका. मुलांची फी मी ह्याच धंद्यातून भरतो.

घाटातला_चाकरमानी

मी तुम्हाला चोर म्हटलेलं नाही. आणि मी माझी चलानं भरतो, सगळी. लोक अदालतीत निम्म्यात मिटेल म्हणून थांबून राहणाऱ्यांतला मी नाही. माझं एवढंच म्हणणं आहे की साठ हा आकडा उतारावर चुकीचा आहे.

मिलानचा_मराठी

उतारावर गिअर खाली टाकला की साठला गाडी आपोआप धरते. पाय दुखत असेल तर ब्रेकवर उतरताय असा अर्थ.

घाटातला_चाकरमानी

मिलानमध्ये बसून मला बोरघाट शिकवू नका.

नीरजा_डोंबिवली

लिहिणार नव्हते, पण लिहिते. २०१६ साली नाशिक हायवेवर माझा धाकटा दीर गेला. तो रस्ता ओलांडत होता. गाडी भाड्याची होती, चालवणारा परगावचा. गाडी कोणाकडे होती हे सिद्ध व्हायलाच दोन वर्षं गेली. मालक म्हणायचा मी चालवत नव्हतो, तो म्हणायचा मी घेतलीच नव्हती. म्हणून कंपनी नाव कळवते, फी घेते, ह्याचा मला राग येत नाही. उतार, ट्रक, आरसा, मला सगळं समजतं, घाटातले दादा. पण साठ हा आकडा कोणीतरी रस्ता ओलांडत असेल म्हणूनही असतो.

घाटातला_चाकरमानी

एक्सप्रेसवेवर माणसं ओलांडत नाहीत, हे म्हणणार होतो. पण नाही म्हणत. खंडाळ्याच्या अलीकडे ओलांडताना बघितली आहेत.

खडकवासलेकर

ताई, वाईट वाटलं. वेगाचा दंड असता तर मी भरला असता, एवढं मान्य करतो. पण एका गल्लीचे चार दंड मला आजही अन्याय वाटतात.

नीरजा_डोंबिवली

चार जास्तच आहेत, हे मलाही पटतं. पण मग भांडायचं होतं. पत्र दडवून ठेवणं म्हणजे भांडण नव्हे.

मिलानचा_मराठी

भांडायची सोय आहे. साठ दिवसांत प्रीफेक्टकडे, म्हणजे प्रांतातल्या सरकारी प्रतिनिधीकडे, अर्ज करता येतो, त्याला फी नाही. पण अर्ज फेटाळला तर किमान दंडाच्या दुप्पट भरावा लागतो, म्हणून वकीलही लहान रकमेसाठी करू नका म्हणतात. ह्या बाबतीत इथली व्यवस्था न्याय्य आहे असं मीही म्हणणार नाही. आणि थेपल्यांचं मी बोलायला नको होतं.

अंधेरी_वेस्ट

मध्ये बोलते, माफ करा. आजच पत्र हातात पडलंय, १७३ चं. पाच दिवस कधीपासून मोजायचे? बँकेतून पाठवू का?

मिलानचा_मराठी

पत्र हातात पडल्यापासून. बँकेतून पाठवू नका. पैसे तिथे जमा झाल्याची तारीख धरतात, परदेशी पैसे पाठवायच्या स्विफ्टला तीन-चार दिवस सहज लागतात आणि मधली बँक आपले पैसे कापते. माझ्या मेहुण्याने सवलतीचे १२१ पाठवले, नवव्या दिवशी पोचले. त्यांनी ते अर्धवट भरणा म्हणून जमा केले आणि उरलेले मागितले. पत्रावर वेबसाइट दिलेली असते, तिथे कार्डाने भरा. 'वेर्बाले' (दंडाची नोंद) समोरचा आकडा आणि गाडीचा नंबर टाकला की रक्कम दिसते, बऱ्याच ठिकाणी फोटोही दिसतो. टपालखर्च वेगळा असतो, तोही धरून भरा. थोडे कमी पडले तरी तेच होतं.

अंधेरी_वेस्ट

फोटो दिसला. गाडी आमचीच आहे. भरते.

खडकवासलेकर

दोन वर्षांपूर्वीच्या पत्राचा नंबर त्या वेबसाइटवर अजून चालतो का? भरणार आहे असं नाही. फोटो बघायचे आहेत.