दिवा विझेपर्यंत कार्डाला हात नको

"स्लॉट हॉट-प्लग आहे, मग सर्व्हर चालू असतानाच कार्ड खेचा" असं सर्व्हरच्या स्लॉटमध्ये (मदरबोर्डवरच्या खाचेत) बसवलेलं नेटवर्क किंवा स्टोरेजचं कार्ड काढण्याबद्दल सुचवलं जातं. त्याला माझा ठाम विरोध आहे. हॉट-प्लग म्हणजे त्या एका स्लॉटची वीज वेगळी बंद करता येते, एवढंच. ती बंद करायचं काम आपलंच.

सगळ्यात जास्त वेळ द्या तो कार्डावर काय चालू आहे हे बघायला. नेटवर्क कार्ड असेल तर त्याचे पोर्ट आधी बाँडमधून (अनेक पोर्ट एकत्र जोडून केलेल्या गटातून) काढा आणि ट्रॅफिक खरंच दुसऱ्या कार्डावरून जातंय ना, ते पोर्टचे काउंटर (किती डेटा गेला-आला याचे आकडे) बघून ठरवा. स्टोरेजचं असेल तर त्यामागच्या डिस्कची फाइल सिस्टिम अनमाउंट करा (वापरातून काढा), नाहीतर मल्टिपाथमध्ये (एकाच डिस्ककडे जाणारे अनेक मार्ग असतात त्यात) दुसरा मार्ग जिवंत असल्याची खात्री करा. स्वॅपही (मेमरी कमी पडली की सिस्टिम वापरते ती डिस्कवरची जागा) त्याच डिस्कवर असू शकतो, हे हमखास विसरलं जातं.

मग स्लॉटची वीज बंद करा. लिनक्समध्ये सिसएफएसमधल्या (हार्डवेअरची माहिती आणि नियंत्रण फाइलींच्या रूपात देणाऱ्या /sys फोल्डरमधल्या) स्लॉटच्या पॉवर फाइलमध्ये 0 लिहायचा. त्याआधी शेजारच्या अ‍ॅड्रेस फाइलमधला पत्ता कार्डाच्या पत्त्याशी जुळवून घ्या. स्लॉटजवळ बटण असेल तर ते दाबलं तरी चालतं. हिरवा दिवा लुकलुकू लागतो, आणि 5 सेकंदांच्या आत बटण पुन्हा दाबलं तर सगळं रद्द होतं. चुकीचा स्लॉट निवडला असेल तर तेवढीच संधी असते.

लुकलुकणं म्हणजे काम चालू आहे. हिरवा दिवा पूर्ण विझला की मगच कार्ड धरून ठेवणारा खटका उघडा. पिवळ्या दिव्यावर जाऊ नका, तो बिघाड किंवा जागा दाखवायला असतो. आणि मनगटाला अँटिस्टॅटिक पट्टा हवाच.