नवी चेन टाकली, तरी चढावर उडते
प्रश्न: सायकल ९ स्पीडची (मागे नऊ चक्रं), कॅसेट म्हणजे मागच्या चक्रांचा संच जुनाच. सिंहगडाच्या चढावर जोर लावला की चेन खटकन उडते. गिअर ट्यूनिंग बिघडलंय का?

– सगळ्या चक्रांवर उडते की रोजच्या वापरातल्या एक-दोनच? एक-दोनच असतील तर ट्यूनिंगला हात लावू नका. जुनी चेन लांबली, तसे दातही झिजले. नवी त्यात बसणार कशी? कॅसेट बदला.

– पुढच्या वेळी आधी मोजा राव. २४ कड्या, पिनेच्या मध्यापासून मध्यापर्यंत: नवी ३०४.८ मिमी. ३०७ झाली की काढा. ११-१२ स्पीडला ३०६.३ लाच.

– आणि तेल रोलरवर (कड्यांमधल्या गोल नळ्यांवर) थेंब थेंब, मग बाहेरून कोरडं पुसा. पावसाळ्यात वरच्या तेलाला चिकटलेली माती म्हणजे पॉलिश पेपरच.