अनुभव धागा : तुमचं लक्ष कुठे होतं? (ठाणे - नवी मुंबई)

वाघबीळकर

धाग्याला एकच अट आहे, ती आधी सांगतो. इथे समोरच्याची चूक लिहायची नाही. रिक्षावाला घुसला, डंपरवाल्याने दाबलं, बाइकवाल्याने कट मारला... हा माल आपल्या सगळ्यांकडे पोतंभर आहे आणि सोसायटीच्या गेटवर रोज उघडलाही जातो. इथे फक्त एवढंच लिहायचं : त्या क्षणी तुमचं स्वतःचं लक्ष कुठे होतं?

सुरुवात माझ्यापासून. नोकरी वागळे इस्टेटला, घर वाघबीळला. म्हणजे रोजचा घोडबंदर रोड. मेट्रो ४ च्या कामाने रस्ता आधीच आखडलेला, त्यात गुजरातकडचे कंटेनर, आणि गायमुखच्या घाटात एखादा ट्रक बंद पडला की संपलंच. मागच्या महिन्यात माजिवडा ते मानपाडा यायला चाळीस मिनिटं लागली. क्लच, ब्रेक, क्लच, ब्रेक. डाव्या पायाचा पोटरीपासून दगड झाला होता. पण त्या चाळीस मिनिटांत कुणालाही साधं खरचटलं नाही, हे लक्षात घ्या.

मानपाडा ओलांडलं आणि रस्ता अचानक मोकळा झाला. तिसरा गिअर टाकला, काच खाली केली, हुश्श केलं. तेवढ्यात नकाशात पुढे लाल पट्टा दिसला आणि खाली दुसऱ्या रस्त्याने चार मिनिटं वाचतील असं काहीतरी आलं. तिथे बोट लावलं. मान वर केली तर समोर टेम्पोचे दोन लाल दिवे, अगदी बॉनेटवर ठेवल्यासारखे. वेग चाळीसच्या आसपास असेल, म्हणजे सेकंदाला अकरा मीटर. मी तीन सेकंद तरी खाली बघत होतो. एवढ्या वेळात टीएमटीच्या जवळजवळ तीन बस एकामागे एक उभ्या राहतील एवढं अंतर मी आंधळ्यासारखं गेलो.

बंपर आणि रेडिएटर गेला. टेम्पोवाला उतरला. स्वतःची गाडी बघायच्या आधी माझ्या खिडकीशी आला आणि म्हणाला, "साहेब, लागलं का कुठं?" शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

रस्त्यात नकाशा बघायला कायद्याची हरकत नाही, हे मला माहीत आहे. २०२० च्या नियमात वाट शोधण्यासाठी फोन वापरायला मुभा आहे, पण गाडी चालवण्यावरचं लक्ष ढळणार नाही अशाच रीतीने. तर हे दुसरं कलम मी विसरलो. लिहा आता तुम्ही.


नेरुळकर

मी लिहिते. पण माझं कारण फोन नाही. माझं कारण रोहित पक्षी आहेत. हसू नका.

पाम बीच रोड, सकाळचे पावणेसात, बेलापूरला ऑफिस. खाडीत भरती आली की पाणी चढतं, चिखल बुडतो, मग हे पक्षी सीवूड्स-नेरुळकडच्या पाणथळीवर येऊन बसतात. त्या दिवशी अख्खा थवा रस्त्यावरून आडवा गेला. पंखांखालचा तो गुलाबी-काळा रंग उन्हात एकदम पेटल्यासारखा दिसला. मी मान वळवून बघत राहिले. रस्ता रिकामा होता ना! कोंडीत मी कधी असं केलंच नसतं.

खाडकन आवाज झाला. डावा आरसा आत मुडपला होता. एका सायकलवाल्या काकांच्या हँडलला लागला होता. काका पडले नाहीत, डगमगले फक्त. मी पुढे जाऊन गाडी बाजूला लावली आणि स्टिअरिंगवर डोकं टेकून रडले. काका मागून आले. मला वाटलं थांबतील, ओरडतील. ते थांबले नाहीत. जाता जाता दोन बोटं आपल्या डोळ्यांकडे नेली, मग रस्त्याकडे, आणि निघून गेले.

वाघबीळकर, तुमचा हिशेब माझ्यासाठी करून बघितला. तिथली मर्यादा साठची आहे आणि मी साठवरच होते (खरंच). पाच सेकंद थवा बघितला असेल तर ऐंशी मीटरच्या वर गेले.


कळवेकर

अट मान्य नाही, तरी लिहितो. पावसाळ्यात मुंब्रा बायपासला या एकदा. खड्डा बघू की गाडी बघू? खड्ड्यावर नजर ठेवली तर समोरचा दिसत नाही, समोरचा बघितला तर चाक खड्ड्यात. आणि वर आम्हालाच विचारताय लक्ष कुठे होतं! लक्ष खड्ड्यात होतं. झालं समाधान?


वाघबीळकर

कळवेकर, झालं. हे उत्तर धाग्यात बसतं, खोटं नाही बोलत. खड्डा कुणाचा यावर वेगळा धागा काढा, पहिला प्रतिसाद माझा.


उरणकर

नातवाला सांगून लिहून घेतोय, चूकभूल समजून घ्या.

मी १९९१ पासून ट्रेलर चालवला. न्हावा शेवा बंदर ते भिवंडी, बंदर ते तळोजा, कधी कधी नाशिक. आता तीन वर्षं घरी आहे. तुम्ही गाडीवाल्यांनी आपापलं लिहिलं, आता केबिनमधून काय दिसतं ते सांगतो. म्हणजे काय दिसत नाही ते.

क्लीनर साइडला, म्हणजे डाव्या बाजूला, दरवाजाला चिकटून स्कूटर उभी असली तर ती आम्हाला दिसत नाही. आरशात पण नाही. बंपरच्या नाकासमोर कुणी येऊन थांबला तरी दिसत नाही, आम्ही वर बसलेलो असतो. पूर्वी क्लीनर असायचा, तो खिडकीतून मान काढून "जाऊ दे, जाऊ दे" करायचा, गाडीच्या अंगावर दोनदा थाप मारली की थांबायचं. आता मालक क्लीनरचा पगार वाचवतो. साइडचं नाव तेवढं राहिलं, क्लीनर गेला.

दुसरी गोष्ट. चाळीस फुटी कंटेनर डावीकडे वळवायचा तर आधी तोंड उजवीकडे काढावं लागतं. मागची चाकं पुढच्या चाकांच्या वाटेवरून चालत नाहीत, आतून कापत येतात. बाइकवाल्याला वाटतं काकांनी जागा दिली, आणि तो नेमका डावीकडून आत शिरतो. जागा दिलेली नसते हो. ती जागा ट्रेलर घेणार असतो.

आता माझी चूक, कारण तुमची अट आहे. बंदराच्या गेटवर सात तास लाइनीत होतो. आत जाऊन माल घेतला, बाहेर पडलो, गव्हाण फाट्याकडे रस्ता मोकळा. डोळ्यावर झापड येत होती म्हणून तंबाखू काढली. तंबाखू मळायला दोन्ही हात लागतात. कोपरांनी स्टिअरिंग धरलं. पुढे रस्त्याचं काम चालू होतं, ते नारिंगी शंकू लावलेले होते. सगळे चेंगरत गेलो. दहा-बारा असतील. टायरखाली प्लास्टिक फुटल्याचा आवाज आला तेव्हा मी ब्रेक मारला. कामावरची माणसं कडेच्या टपरीवर चहाला गेली होती. एकाचं फावडं तिथेच पडलेलं होतं, त्याचा दांडा मोडला. मी खाली उतरून त्याला दांड्याचे पैसे दिले. तो नको म्हणत होता. त्याला कळलंच नव्हतं मी कशाचे देतोय.

तंबाखू सुटली नाही. पण आता बसून मळतो.


खारघरची आई

थोडक्यात. मागच्या सीटवर धाकटा, "आई, बाटली." मी सिग्नलच्या अलीकडे, हात मागे, मान अर्धी मागे. गाडी हळूच पुढे सरकून रिक्षाला टेकली. नुकसान शून्य. रिक्षावाल्याने मुलाला ओरडून सांगितलं, "बाळा, आईला गाडी चालवू दे!" तेव्हापासून बाटली मुलाच्या पट्ट्याशी बांधलेली असते.


विटावकर

मी पायी होतो, चालेल का? विटाव्याच्या रेल्वे पुलाखाली पाणी भरलं की सगळे कडेने चालतात. कानात गाणं, छत्री वाऱ्याकडे कललेली. मागून एसटीने हॉर्न दिला असणार, दोनदा तरी. मला ऐकू आला तो एका अनोळखी बाईने माझी बॅग धरून ओढल्यावर. बॅगेचा बंद तुटला. तोच बंद शिवून आजही वापरतो.


कोपरीच्या काकू

मी गाडी चालवत नाही. आयुष्यात चालवली नाही. पण मला वाटतं माझंही नाव या धाग्यात यायला हवं, कारण फोन करणारी मीच.

मुलगा महापेला कामाला, बाइकने येतो. साडेसात झाले की माझा फोन : कुठे पोचलास? उचलला नाही तर पुन्हा. पुन्हा नाही उचलला तर काळजीने तिसऱ्यांदा. एकदा तो घरी आल्यावर बघितलं, हेल्मेटच्या आत कानाशी फोन खोचलेला. म्हणाला, "तू तीनदा करतेस म्हणून." ऐरोलीच्या पुलावर, वाऱ्यात, मला "येतोय गं" सांगायला तो फोन कानात खोचून गाडी चालवत होता.

आता ठरलंय, खाली गाडी लावली की तो करतो. तोवर मी गॅलरीत उभी राहते. काळजी कमी झाली नाही, फोन तेवढा बंद झाला.


वाघबीळकर

काकू, तुमचा प्रतिसाद बायकोला वाचून दाखवला. ती ऐकत होती, मग म्हणाली, "त्या दिवशी पावणेआठला मी तुला फोन केला होता."

केला होता. मी उचलला नव्हता, कट केला होता. कट करायलाच बोट लावलं, तिचं नाव गेलं आणि खाली नकाशा दिसला. म्हणजे चार मिनिटं वाचवण्याचं वगैरे ते नंतरचं. हे मी वर लिहिलं नव्हतं.