पाणी आणि पेरॉक्साइड: गोठणबिंदू सारखाच, मग उत्कलनबिंदूत 50 अंशांचा फरक का?

अकरावी_विज्ञान: नमस्कार. तक्त्यात पाण्याचा गोठणबिंदू 0 अंश सेल्सिअस आणि हायड्रोजन पेरॉक्साइडचा उणे 0.4 दिलाय. पण उत्कलनबिंदू 100 आणि 150! घनता 1 आणि 1.45. एका जादा ऑक्सिजनने एवढं बदलतं? पाठ करायचं नाहीये, समजून घ्यायचंय.

प्रोसेसवाला_इचलकरंजी: समजून घ्यायचंय म्हणालास, फार बरं वाटलं. मी सुती कापडाच्या प्रोसेसमध्ये लॅब सांभाळतो. ब्लीचिंगला आम्हाला रोज 50 टक्क्यांचं पेरॉक्साइड लागतं.

आधी आकार बघ. पाण्याचे तीन अणू एकाच प्रतलात, कोन 104.5 अंश. पेरॉक्साइडसाठी अर्धी उघडलेली वही समोर धर: शिवणीवर दोन ऑक्सिजन, दोन्ही पानांवर एकेक हायड्रोजन. वायुरूपात पानांमधला कोन 111.5 अंश. स्फटिकात शेजारच्या रेणूंशी हायड्रोजन बंध (एकाचा हायड्रोजन दुसऱ्याच्या ऑक्सिजनकडे ओढला जातो तो) जुळतात आणि तोच कोन 90 च्या आसपास येतो.

पेरॉक्साइडचा रेणू मोठा, असे बंध धरायला ऑक्सिजन दोन. त्यामुळे द्रवातून सुटायला उष्णता जास्त लागते: 25 अंशांना मोलमागे पाण्याला 44 किलोज्यूल, पेरॉक्साइडला सुमारे 52. उत्कलनबिंदू चढतो तो यामुळे.

गोठणबिंदू जुळतात त्यात मात्र फार अर्थ शोधू नकोस. पाणी गोठताना पोकळ जाळी बांधतं, म्हणून 0.917 घनतेचा बर्फ तरंगतो. पेरॉक्साइड गोठताना आकसतं. घनरूपात घनता 1.64, म्हणजे ते स्वतःच्याच द्रवात बुडेल.

आणि 150 हा आकडा हिशेबाने काढलेला आहे. शुद्ध पेरॉक्साइड तितकं तापवलं तर उकळण्याआधीच स्फोटासारखं फुटतं, कारण दोन ऑक्सिजनमधला बंध दुबळा. आमच्या कॅनच्या झाकणाला वायू निघायला बारीक वाट ठेवलेली असते, ती याचसाठी. कापडावर गंजाचा एवढासा ठिपका राहिला तरी तिथे विघटन भडकतं आणि नेमकं तेवढ्याच जागी भोक पडतं.

स्वाती_नाशिक: मेडिकलमध्ये मिळतं ते तर अगदी पाण्यासारखंच असतं की!

प्रोसेसवाला_इचलकरंजी: ताई, ते 3 ते 6 टक्क्यांचं, बाकी जवळपास सगळं पाणीच. शुद्ध पेरॉक्साइड फिकट निळं आणि वाहायला पाण्याहून किंचित दाट असतं. आमच्या 50 टक्केवाल्यात घनता मोजायचा हायड्रोमीटर सोडला की जवळजवळ 1.2 दाखवतो. त्याचा थेंब बोटावर पडला तर कातडी पांढरी पडून चरचरते, म्हणून हातमोजे आणि चष्मा घातल्याशिवाय मी कुणाला कॅनजवळ जाऊ देत नाही.

अकरावी_विज्ञान: मग 50 टक्केवालं थंड प्रदेशात गोठत असेल ना? दोन्ही शून्याजवळच गोठतात.

प्रोसेसवाला_इचलकरंजी: नाही, आणि हा प्रश्न फार छान विचारलास. ते गोठायला उणे 50 च्याही खाली जावं लागतं. एकमेकांत मिसळले की दोघेही एकमेकांच्या स्फटिकाची मांडणी जुळू देत नाहीत. बहुतेक थंड प्रदेशांतही त्याचे टँकर द्रवरूपातच फिरतात ते त्यामुळेच.